डावी बाजू वर

फुमिए काजितानी खोटं बोलते असं क्योतोतल्या उझुमासाच्या स्टुडिओत कुणी कधी म्हटलं नाही. म्हणायची हिंमत नव्हती असं नव्हे. तिच्या खोटं बोलण्यावरच तर सगळ्यांची चूल पेटत होती.

पहिल्यांदा ती खोटं बोलली ते १९६३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी. एक अमेरिकन कंपनी क्योतोत सिनेमा करायला आली होती आणि तिला दुभाषी हवी होती. फुमिएचे वडील सासेबोच्या अमेरिकन तळावर खानसामा, आई तिथल्याच साहेबांच्या घरचे कपडे धुणारी. त्यामुळे पोरीचं इंग्रजी पुस्तकातलं नव्हतं, मागच्या दारातलं होतं, आणि म्हणूनच चांगलं होतं. पहिल्याच सकाळी अमेरिकन दिग्दर्शक बुटांसकट नव्याकोऱ्या तातामी चटयांवर चढला. सेट उभारणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हातातला हातोडा खाली ठेवला.

"त्या रानडुकराला सांग, खाली उतर म्हणावं. नाहीतर पाय कापून ठेवीन."

फुमिए दिग्दर्शकाकडे वळली आणि म्हणाली, "आपण बूट काढलेत तर मिस्त्रींना फार मोठा मान वाटेल."

दिग्दर्शक ओशाळला. बूट काढले, वर मिस्त्रीला कमरेत वाकून नमस्कार केला. मिस्त्री चाट. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांना सिगरेटी देत होते आणि फुमिएची नोकरी पक्की झाली होती.

तिथून सव्वीस वर्षं हेच. दुभाषीची समन्वयक झाली, समन्वयकाची निर्माती झाली, लॉस एंजेलिसमध्ये एका खोलीचं ऑफिस झालं. अमेरिकेतून कुणाला जपानात सिनेमा करायचा असला की आधी तिला फोन यायचा. विजेच्या तारा दिसणार नाहीत असा डोंगर तिने शोधायचा. दुपारी तीन वाजता सत्तर माणसांना चहा का लागतो हे अमेरिकनांना तिने पटवायचं, आणि अमेरिकन माणसं उभ्या उभ्या का जेवतात हे सत्तर माणसांना. इकडची शिवी तिकडे जाईपर्यंत तिची विनंती व्हायची, तिकडचा नकार इकडे येईपर्यंत त्याचा विचार चालू आहे असं व्हायचं. दोन्हीकडची माणसं म्हणायची, समोरची मंडळी फार सभ्य आहेत हो. सभ्य कुणीच नव्हतं. मध्ये फुमिए होती.

हे सगळं एका माणसाने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. ती म्हणजे मिने उकाई.

मिने-सान स्टुडिओचा कपडेपट सांभाळायची. बुटकी, आडव्या हाडाची, तोंडात कायम चार टाचण्या. नवरा लढाईतून परत आला नाही, मूलबाळ नाही, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल कुणी हळहळायला लागलं की ती टाचण्या काढून विचारायची, "तुला काही काम नाही का?" इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. तरी एका दुपारी तिने फुमिएला कपड्यांच्या रांगेआड ओढलं.

"काय गं, तो लाल मानेचा मिनिटभर ओरडत होता. तू आमच्या माणसांना चार शब्द सांगितलेस. बाकीचे कुठे गेले?"

"गिळले," फुमिए म्हणाली.

"रोज एवढं गिळतेस तर जेवतेस केव्हा? रविवारी माझ्याकडे ये."

तो रविवार सव्वीस वर्षं चालला. स्टुडिओमागच्या गल्लीत मिने-सानचं दोन मजली अरुंद घर होतं. वरची खोली हळूहळू फुमिएचीच झाली. तिथे तिचा तांदळाचा वाडगा होता, तिची उशी होती, लग्नाच्या दोन जमता जमता मोडलेल्या गोष्टी होत्या. अमेरिकेहून आली की ती विमानतळावरून थेट तिथेच यायची. मिने-सान भातावर गरम चहा ओतून, वर माशाचा तुकडा ठेवून पुढे सरकवायची आणि म्हणायची, "वाळलीस. तिकडे काय पाठ्यपुस्तकं खातात?" तिला आई म्हणायचं फुमिएच्या मनात अनेकदा आलं. पण ते दोघींनाही अवघड झालं असतं, म्हणून मिने-सानच राहिली.

मिने-सानच्या कामाबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे की पन्नास वर्षांत तिच्या हातून किमोनोची बाजू एकदाही चुकली नाही. जिवंत माणसाची डावी बाजू वर येते, उजवी खाली. उजवी वर घेतात ती फक्त एकदा, माणूस गेल्यावर, त्याला शेवटचं नेसवताना. नवखी पोरं घाईत उलटं करायची. शंभर माणसांची झुंड कॅमेऱ्यासमोर उभी असली तरी मिने-सान लांबून ओरडायची, "तिसऱ्या ओळीतला तो! मेलास का रे? केव्हा?" आणि सगळी झुंड आपापली छाती चाचपायची.

१९८९ च्या एप्रिलमध्ये रॉय टॉलिव्हर नावाचा दिग्दर्शक आला. ऐंशी वर्षांपूर्वी फोटो पाहून लग्न ठरलेली एक मुलगी अमेरिकेला जायला निघते, अशी त्याची गोष्ट होती. टॉलिव्हर माणूस चांगला, फक्त घाईचा. एके दिवशी त्याने कपडेपटात मिने-सानला एका उंचापुऱ्या नटाला झापताना पाहिलं आणि म्हणाला, "फुमी, मला मुलीची आजी सापडली."

मिने-सान तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची. "मी कॅमेऱ्याच्या मागची बाई आहे," ती म्हणाली. "पुढे आले तर मागे कोण बघेल?" पण आठवडाभर फुमिएने तिची पाठ सोडली नाही, आणि शेवटी ती एका अटीवर तयार झाली: तिला कुणी नेसवायचं नाही, ती स्वतः नेसेल. काम तरी केवढं? नात घर सोडून निघाली आहे, आजी फाटकात उभी राहून बघते आहे. नऊ सेकंद.

त्या दुपारी टॉलिव्हर समुद्रावर बोटीचं दृश्य घेत होता. आजीचा शॉट त्याने फुमिएवर सोपवला. कॅमेऱ्यामागे तेरानिशी होता, उझुमासाचाच जुना माणूस. टॉलिव्हरने चिठ्ठी दिली होती: नात डावीकडे जाते, आजीनेही डावीकडे बघावं. पण तीन वाजता डावीकडून ऊन थेट मिने-सानच्या डोळ्यांत येत होतं. तिने एकदा हाताने डोळे पुसले. एकदाच. मिने-सानने नजर कुठे ठेवायची हे दाखवणारी, टेपची खूण लावलेली काठी फुमिएने उचलून उजव्या बाजूला नेऊन रोवली.

तेरानिशी म्हणाला, "चिठ्ठीत डावीकडे आहे ना?"

"चालेल," फुमिए म्हणाली. "मी रॉयला सांगेन."

आणि सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही. सगळं सुरळीत चाललं आहे, उगीच कशाला त्याला डिवचायचं, या तिच्या नेहमीच्या हिशेबात ते गिळलं गेलं.

जून उजाडेपर्यंत मिने-सानचं जेवण तुटलं. पोटात गाठ निघाली, वयामुळे कापायची नाही असं ठरलं. ती घरीच राहिली, खालच्या खोलीत अंथरूण टाकून. सगळ्या गल्लीला तिने सांगून ठेवलं होतं: वसंतात सिनेमा लागला की सगळ्यांनी मिळून जायचं, एक अख्खी रांग आपली. शेजारची तोफूवाली बाई म्हणायची, "मिने-सान, नऊच सेकंद ना? मला डुलकी लागली तर?" मिने-सान म्हणायची, "तुला मी चिमटा काढीन. शेजारीच बसणार आहे."

नोव्हेंबरात फुमिए लॉस एंजेलिसला गेली. टॉलिव्हरने जुळवलेला सिनेमा दाखवला. नात फाटकातून निघाली, डावीकडे चालत गेली, आणि मग पडद्यावर मिने-सान आली. डावीकडे बघत होती. फुमिएला आधी बरंच वाटलं. मग तिचं लक्ष छातीकडे गेलं आणि हातातला कागदी पेला तिच्या मांडीवर सांडला.

उजवी बाजू वर होती.

संकलकाने शॉट उलटा छापला होता, आरशात दिसावा तसा. दुसरं करणार काय? आजी चुकीच्या दिशेला बघत होती, नजर जुळेना, म्हणून त्याने फिल्मची पट्टी पालथी केली. अमेरिकेत त्याने काहीच बिघडत नाही. पण पडद्यावर मिने उकाई, जिने पन्नास वर्षं हजारो माणसांची डावी बाजू वर घेतली, ती स्वतः मेलेल्या बाईसारखी नेसून फाटकात उभी होती. आणि खरी मिने उकाई क्योतोत अंथरुणावर ती बघायची वाट पाहत होती.

"रॉय, हे सरळ कर."

"सरळ केलं की ती भलतीकडेच बघते. नात इकडे आणि आजी तिकडे. लोक हसतील."

"हे असं ठेवलं तर लोक हबकतील."

"फुमी, जगात कुणाला कळणार आहे?"

"बारा कोटी लोकांना."

टॉलिव्हर हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. सव्वीस वर्षांत अमेरिकेत कुणी तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. तो म्हणाला, "हे बघ, आठ दिवसांनी माझी कात्री बंद होते. एकतर शॉट असाच राहील, नाहीतर मी तो काढून टाकतो. नात जाते, पुढे बोट. आजी नाही. तू सांगशील तसं."

विमानात फुमिएने मिने-सानला काय सांगायचं ते घोकलं. दहा तास घोकलं. सिनेमा लांबला, बऱ्याच जणांचे शॉट गेले, दिग्दर्शकाला फार वाईट वाटतंय, तुमची आठवण काढत होता. छान जमलं होतं. तिच्या सगळ्या कारकिर्दीतलं सगळ्यात गुळगुळीत भाषांतर होतं ते, आणि मूळ वाक्य कुणाचंच नव्हतं.

मिने-सान उशांना टेकून बसली होती. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं?"

"झालं."

"भिकार नाचलेल्या नटीला छान नाचलात म्हणून सांगताना तुझं तोंड असं होतं. खरं काय ते बोल. मला फार वेळ नाही, आणि मी रडगाणं गात नाहीये, तारीख सांगतेय."

फुमिएने पिशवीतून व्हिडिओची कॅसेट काढली. टीव्ही लावला. नऊ सेकंद चालली, थांबवली.

"या बाईला नेसवलंय कुणी?" मिने-सान म्हणाली. मग पुढे झुकली, बराच वेळ बघत राहिली, आणि मागे टेकली. "म्हणजे मला वर पाठवताहेत होय. मापही घ्यायला आलं नाही कुणी."

"त्यांनी फिल्म उलटी..."

"ते दिसतंय मला. आंधळी नाही झाले. पण मी भलतीकडे का बघत होते? काठी तिकडे कुणी रोवली?"

फुमिएने मान खाली घातली. कित्येक वर्षांनी तिने एखादं वाक्य जसंच्या तसं बाहेर काढलं. "मी. तुमच्या डोळ्यांत ऊन येत होतं. चिठ्ठीत डावीकडे होतं, मी रॉयला न सांगता बदललं. चूक माझी आहे."

यावर मिने-सान अशी चिडली की तोफूवाली दारात येऊन उभी राहिली.

"ऊन येत होतं! अगं, मग येऊ द्यायचं! डोळ्यांत पाणी आलं असतं, एवढंच ना? नात चाललीये, म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायला नको? मी तुला म्हटलं होतं मला ऊन लागतंय? म्हटलं होतं? सगळ्या जगाला काही लागू नये म्हणून तू मध्ये मध्ये हात घालत फिरतेस. कुणी सांगितलंय तुला? माझ्या वाटणीचं ऊन मला लागू दे ना!"

मग तिला धाप लागली. फुमिएने पाठीवर हात फिरवला, तो मिने-सानने झटकला नाही.

"काढून टाकू का शॉट?" फुमिएने विचारलं. "तुम्ही सांगा. जे सांगाल ते."

"काढून टाकायचा आणि या बाईला चिमटा कोण काढणार?" मिने-सानने दाराकडे हनुवटी केली. "फाटक आहे का अजून?"

"स्टुडिओच्या मैदानात आहे. टीव्हीची मालिका चालू आहे त्यात."

"मग परत घे."

"मिने-सान, तुम्हाला उभं राहवत..."

"नऊ सेकंद राहीन. दहावं मागू नकोस."

फुमिएने टॉलिव्हरला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणालाच काही विचारलं नाही. तेरानिशीकडे गेली, तो कॅमेरा पुसायलाच लागला. मालिकावाल्यांनी दुपारी तीन ते चार फाटक मोकळं करून दिलं, कारण त्यांच्या कपडेपटातली प्रत्येक बाई मिने-सानच्या हाताखाली शिव्या खाऊन तयार झाली होती. "ऊन एप्रिलपेक्षा खाली आहे," तेरानिशी कुरकुरला. "बरं, मागे झाड नाही, ऋतू कळायचा नाही. बघू. पांढरा फळा धरून उजेड उचलून घेतो."

मिने-सानला चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिचा तोच करडा किमोनो ती मांडीवर घेऊन बसली होती. पण बोटं सुजून वाकडी झाली होती, गाठ काही बसेना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिने किमोनो फुमिएच्या अंगावर टाकला.

"तू नेसव. आणि विचारत बसू नकोस, ओढ."

आत गेल्यावर फुमिएला कळलं की बाई किती उरली आहे. एप्रिलच्या आकाराची दिसायला हवी म्हणून कमरेभोवती टॉवेल गुंडाळायचे होते. एक गुंडाळला, दुसरा, चौथा. मिने-सान आरशात बघत मोजमाप सांगत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाला तयार करायचं आहे.

"अजून एक. डावीकडे जाड कर. मी एवढी चिपाड नव्हते."

"श्वास घेता येईल ना?"

"नऊ सेकंदांना किती श्वास लागतो? ओढ म्हटलं ना. मोडत नाही मी."

फुमिएने उजवी बाजू आत घेतली, डावी वरून आणली. वरची कड ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. मिने-सानने आपली वाकडी बोटं तिच्या मनगटावर ठेवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "सोड आता. बरोबर आहे."

फाटकात फुमिए आणि कपडेपटातली एक बाई अशा दोघींनी तिला धरून उभं केलं आणि बाजूला झाल्या. तेरानिशीने टेपची काठी डावीकडे रोवायला घेतली.

"काठी नको," मिने-सान म्हणाली. "मागच्या वेळी काठीकडेच बघत होते. काठी काय अमेरिकेला जाते? फुमी-चान, तू उभी राहा."

फुमिए जाऊन उभी राहिली. मिने-सानच्या डोळ्यांत ऊन येत होतं. ते दिसत होतं, आणि फुमिए काही बोलली नाही.

"नुसती खांबासारखी उभी काय? चाल. त्या विहिरीपर्यंत जा. आणि मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर मला हसू येईल आणि सगळं वाया जाईल."

तेरानिशीने हात वर केला. फुमिएने पाठ फिरवली आणि चालायला लागली. वाळलेली माती, पुढे विहीर. मागे कॅमेऱ्याची घरघर. नऊ सेकंद फार लांबलचक असतात हे तिला तेव्हा समजलं. पाठीला काहीतरी जाणवत होतं, आणि वळून बघायची इच्छा इतकी दाटून आली की तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घट्ट मिटले. मग "कट" ऐकू आलं. ती पळत परत आली तोवर मिने-सान खुर्चीत बसून चहा मागत होती.

"कसं झालं?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

तेरानिशी नाक शिंकरत होता. धूळ फार आहे म्हणाला.

दुसरा टेक घेतलाच नाही. फिल्मचा डबा त्याच संध्याकाळच्या विमानाने गेला. चौथ्या दिवशी टॉलिव्हरचा फॅक्स आला: "आजी सिनेमात आहे. डावी बाजू वर. तू तिला काय करायला सांगितलं होतंस?" फुमिएने उत्तर पाठवलं: "मी काही सांगितलं नाही. तिनेच मला सांगितलं, मागे बघू नकोस."

कॅसेट मागवून घेता आली असती. फुमिएने विचारलंही, पण मिने-सान नाही म्हणाली. टीव्हीवर मी एकदा मेलेली दिसले, आता थिएटरातच बघीन, तिकीट फाडून, सगळ्यांबरोबर. तोवर तूही बघायचं नाहीस. फुमिएने कबूल केलं. त्या हिवाळ्यात ती अमेरिकेला गेली नाही. लॉस एंजेलिसहून फोन यायचे आणि ती सरळ सांगायची, "मला यायचं नाही. माझ्या घरी माणूस आजारी आहे." पलीकडची माणसं गोंधळायची. एवढं साधं वाक्य तिच्याकडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मिने-सान गेली. सकाळी चहा निवत ठेवला होता तो तसाच राहिला. तिला फुमिएने नेसवलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. उजवी बाजू वर घेतली. आता तीच रीत होती.

सिनेमा एप्रिलमध्ये लागला. अख्खी रांग गल्लीची होती. तोफूवालीने एक खुर्ची मध्ये रिकामी ठेवायला लावली आणि तिकीटवाल्याशी त्यावरून भांडली. तेरानिशी मागच्या रांगेत बसला. फुमिए रिकाम्या खुर्चीच्या शेजारी.

नात फाटकातून निघाली. डावीकडे चालत गेली. आणि मग मिने-सान आली, जिवंत, केवढी तरी मोठी, डावी बाजू वर.

डोळ्यांत ऊन होतं आणि पाणी होतं. पण ती रडत नव्हती. तिच्या कपाळावर बारीक आठी होती, काम अर्धवट राहिलं की पडायची तीच. ती जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत होती, मानेच्या जरा खाली, एकाच जागी. मग तिचा हात वर आला. छातीपर्यंत आला, पुढे झाला, आणि त्या सुजलेल्या बोटांनी हवेत काहीतरी चिमटीत धरून हलकेच उलटवलं. जिथे कुणी नव्हतं तिथे.

"बघा, हात करतेय," तोफूवाली हुंदका देत कुजबुजली. "टाटा करतेय नातीला."

मागून तेरानिशी फुमिएच्या कानाशी झुकला. "त्या दिवशी तुझ्या कोटाची कॉलर मागून आत दुमडली होती," तो म्हणाला. "मला दिसत होती. शॉट चालू होता म्हणून बोललो नाही."

जाताना आपल्याकडे असं कुणी बघत असेल हे फुमिएला ठाऊकच नव्हतं, कारण ती दरवेळी पुढे बघत गेली होती. हाक मारता येत नव्हती, कारण मागे बघू नकोस असं मिने-सानने स्वतःच बजावलं होतं, म्हणून बाई तिथूनच, पंधरा पावलांवरून, तिची कॉलर सरळ करत होती. फुमिए रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर हात न धरता, आणि आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं तरी तिने ते गिळलं नाही.

पडद्यावर हात अजून तसाच पुढे होता. मग बोट आली.